भिडस्त माणसाचा कॉम्प्युटर

गेल्या आषाढात एका दुपारी बाबांना घर लागलं.

मी ऑफिसातून आलो तर खोलीबाहेर गॅलरीत चपलांचा ढीग. आत बाबा धुतलेला सदरा आणि टोपी घालून बसलेले. आई पेढ्यांच्या रिकाम्या पुड्याचा दोरा बोटाभोवती गुंडाळत होती, म्हणजे पेढे वाटून संपले होते.

‘लागलं,’ बाबा म्हणाले. ‘कॉम्प्युटरवर आलंय.’

बाबा गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले एक बाबा. पुढे गिरण्यांच्या जागी टॉवर आले आणि कामगारांना घरं मिळतील असं ठरलं. म्हाडाची पहिली सोडत २०१२ साली निघाली. अर्ज दीड लाखाच्या वर आणि २०२० च्या सोडतीत घरं ३,८९४, हे गणित बाबांना तोंडपाठ आहे. तरीही रोज दुपारी जेवण झालं की ते चष्मा पुसतात, नातीच्या कॉम्प्युटरसमोर बसतात आणि आपलं नाव आलंय का ते बघतात. साचा चालू असताना समोरून हलायचं नाही, ही जुनी सवय.

मी पडद्याकडे बघितलं. खालच्या उजव्या कोपऱ्यातून एक चौकट वर आली होती. तिच्यात लिहिलं होतं : ‘अभिनंदन! आज आपण निवडलेला भाग्यवान विजेता आहात. बक्षीस घेण्यासाठी येथे क्लिक मारा.’

‘बाबा, यात घर कुठे लिहिलंय?’

‘बक्षीस लिहिलंय ना? मग इतक्या वर्षांनी काय डबा देणार?’

तेवढ्यात त्या चौकटीच्या डोक्यावर दुसरी चौकट आली. तिच्यानुसार आमच्या संगणकात १,३४७ विषाणू सापडले होते. तिसरीत एक बाई बाबांशी मैत्री करायला उत्सुक होती. आईने ती वाचली आणि बाबांकडे पाहिलं. एवढ्या गर्दीत घराचा विषय आपोआप मागे पडला.

पेढे परत मागता येत नाहीत. शेजाऱ्यांनीही सभ्यपणाने कारण विचारलं नव्हतं. त्यामुळे पुढचे दोन दिवस आमच्या मजल्यावर आमच्या मुलीचं लग्न ठरल्याची बातमी होती आणि तिसऱ्या दिवशी मुलगा काय करतो हेही लोकांना कळलं होतं.

आता आमच्या वस्तीला जाहिरात नवी नाही. चिंचपोकळी स्टेशन भायखळा आणि करी रोड यांच्या मध्ये आहे. फास्ट गाडी आमच्याकडे थांबत नाही, जाहिरात मात्र न चुकता उतरते. वाढदिवस, पुण्यतिथी, दहावीचा निकाल, कुणाची कशावर तरी झालेली निवड, सगळं फ्लेक्सवर. सार्वजनिक जागा विद्रूप करू नयेत म्हणून राज्यात १९९५ साली कायदा झाला आहे. पण कायद्याचं एक कलम वाचून होईपर्यंत लालबागेत दोन फ्लेक्स छापून होतात. त्यात आमच्या चिंतामणी गणपतीचं मंडळ १९२० सालचं. आगमनाच्या दिवशी आमच्या पुलापासून जी गर्दी उसळते, तिच्यात माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, लोक नेतील तिकडे जातो. त्या दिवसांत जागोजागी स्वागताचे फलक लागतात, त्यांवर बाप्पा अंगठ्याएवढा असतो आणि शुभेच्छुक कमरेपासून वर, हात जोडून, ओळीने उभे. आमच्या कॉम्प्युटरचा पडदा हळूहळू तसाच दिसायला लागला होता. मधोमध अंगठ्याएवढी बातमी, चारी बाजूंनी शुभेच्छुक.

हे आत आलं कसं, याची चौकशी घरात झाली. चौकशी म्हणजे प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव घेतलं. ही म्हणाली, मुलीने. मुलगी म्हणाली, आजोबांनी. आजोबा म्हणाले, ‘मी फक्त बघतो, हात लावत नाही.’ माझं नाव कोणी घेतलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते काम मीच केलं होतं.

झालं असं की चाळीच्या मंडळाचा अहवाल यंदा मी टाइप करून देणार होतो. त्यासाठी जरा वळणदार मराठी अक्षर हवं होतं. मी ‘मोफत’ हा शब्द घालून शोधलं. जे पान उघडलं त्यावर ‘डाउनलोड’ असं लिहिलेली पाच हिरवीगार बटणं होती. गिरगावातल्या भाजीवालीकडे जसा वरचा टोमॅटो लाल असतो तशी. खरं डाउनलोड होतं सगळ्यात खाली, करड्या अक्षरात, मुंगीएवढं. मी अर्थातच सगळ्यात मोठं बटण दाबलं. मग एक खिडकी उघडली आणि तिने विचारलं, ‘शिफारस केलेल्या पद्धतीने बसवू, की तज्ज्ञांसाठी असलेल्या पद्धतीने?’ मी नम्र माणूस आहे. मी तज्ज्ञ नाही असं मनाशी कबूल केलं आणि शिफारस स्वीकारली. नंतर कळलं की ‘तज्ज्ञ’ ही पाटी मुद्दाम लावलेली असते. आत गेलं तर तिथे काही अवघड नसतं. चार चौकोनांत आधीच बरोबरच्या खुणा केलेल्या असतात, त्या काढायच्या, एवढंच तज्ज्ञपण. आमच्यासारखे लोक बिचकून दारातूनच परत फिरतात आणि खुणा तशाच राहतात.

अक्षर आलं. त्याच्यासोबत ब्राउझरच्या कपाळावर एक पट्टी आली, एक शोधयंत्र आलं, एक हवामान सांगणारा आला आणि एक ‘पीसी झटपट करणारा’ आला, ज्याच्यामुळे पीसी मंद झाला. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. आमच्या भागात एकेका गावाच्या गावकीच्या खोल्या असायच्या. गावाहून एक पोरगा एका ट्रंकेनिशी यायचा. महिन्याने त्याचा चुलतभाऊ. गणपतीनंतर चुलतभावाचा मेहुणा. सहा महिन्यांनी खोलीत चौदा वळकट्या, आणि पहिला पोरगा कोणता हे कुणालाच आठवत नसे. फरक एवढाच की तो मेहुणा महिन्याअखेर खानावळीचे पैसे देत असे.

हा उद्योग चालतो कशावर, हे मी बाबांना समजावून सांगायला बसलो. फुकट अक्षर देणाऱ्याला अक्षराचे पैसे मिळत नाहीत. तो आपल्या पुडीत दुसऱ्याचा माल बांधतो, आणि तो माल जितक्या कॉम्प्युटरांवर उतरेल तितकी डोकी मोजून पैसे घेतो. जाहिरातवाला त्याला देतो, दुकानदार जाहिरातवाल्याला देतो.

बाबांनी मान हलवली. ‘जॉबरची दस्तुरी.’

गिरणीत माणूस लावायचा तर जॉबरच्या हातात आधी दस्तुरी ठेवावी लागे, अशी ती जुनी रीत. मी अर्धा तास जे सांगत होतो ते दोन शब्दांत झालं.

‘पण आम्हाला निदान कळायचं, कोणाला देतोय ते,’ बाबा म्हणाले.

या सगळ्याच्या मुळाशी एक सज्जन आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं. नव्वदच्या दशकात ट्रायपॉड नावाच्या अमेरिकन कंपनीत ईथन झुकरमन नावाचा तरुण काम करत होता. एका मोटार कंपनीची जाहिरात चुकून कुणाच्या तरी अश्लील पानावर झळकली, कंपनी भडकली. मग जाहिरात पानावर न ठेवता स्वतंत्र खिडकीत उघडायची, म्हणजे त्या पानाशी तिचा संबंध दिसणार नाही, अशी तोड निघाली. ती खिडकी उघडणारा कोड झुकरमनने लिहिला. २०१४ साली त्याने ‘द अटलांटिक’ मासिकात लेख लिहून जगाची माफी मागितली. हेतू चांगला होता म्हणाला. आमच्या चाळीत पहिला लाउडस्पीकर ज्याने आणला त्याचाही हेतू चांगलाच होता. त्याने अजून माफी मागितलेली नाही.

पुढच्यांना माफीची गरज वाटली नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत उघड झालं की लेनोवोच्या काही लॅपटॉपांत सुपरफिश नावाचा जाहिरातवाला कारखान्यातूनच बसून येत होता, म्हणजे नवरीसोबत करवली कायमची राहायला यावी तसा. २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने फायरबॉल नावाचं प्रकरण बाहेर काढलं. जगातले पंचवीस कोटी कॉम्प्युटर त्याने धरले असा तिचा अंदाज होता, आणि त्यातले अडीच कोटी भारतातले. या यादीत आपला देश पहिला. आपण इतके पुढे का, याचं तांत्रिक कारण तज्ज्ञ सांगतील. माझ्या मते कारण एकच : भीड.

आपल्याला नाही म्हणता येत नाही. वर्गणीची पावती फाडणाऱ्याला, देवाचा अंगारा पुढे करणाऱ्याला, लोकलमध्ये ‘जरा सरका’ म्हणणाऱ्याला, कुणालाच. आणि हे कार्यक्रम लिहिणाऱ्यांना ते नेमकं माहीत आहे. एका खिडकीत ‘हो’ आणि ‘नाही’ अशी साधी बटणं असती तर मीसुद्धा कदाचित धीर केला असता. पण ‘हो’ च्या शेजारी बारीक अक्षरात असतं : ‘नको, मला माझा कॉम्प्युटर असुरक्षित राहिलेला चालेल.’ आता चारचौघांत, बायको मागे उभी असताना, असं कोण म्हणेल? बाबांच्या बाबतीत तर याहून सोपं झालं होतं. कुठल्याशा पानाने त्यांना म्हटलं, तुम्ही यंत्रमानव नाही हे दाखवण्यासाठी ‘अलाऊ’ दाबा. बाबांनी आयुष्यभर यंत्रावर काम केलेलं. आपण यंत्र तर नाही ना, हे कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं. त्यांनी आनंदाने दाबलं. त्या एका दाबण्याने त्या पानाला आमच्या पडद्याच्या कोपऱ्यात वाटेल तेव्हा चौकट टाकायचा परवाना मिळाला. पान बंद केलं तरी परवाना चालू. घराची सोडत त्याच दारातून आली होती.

मग उपाय सुरू झाले. चाळीत दुखणं कळलं की औषध मागावं लागत नाही. पहिल्या मजल्याने सांगितलं, ‘फॉरमॅट मारा.’ दुसऱ्यानेही तेच. फॉरमॅट म्हणजे कॉम्प्युटरचा ओवा-शोप, कुठल्याही तक्रारीवर चालतो. लॅमिंग्टन रोडवरच्या एका माणसाने फोनवरच निदान केलं की मदरबोर्ड गेला, नाही गेला तर जाईल. हिने दसऱ्याला की-बोर्डवर हळदकुंकू वाहिलं होतं, ते जरा जास्त वाहायला हवं होतं असं तिचं मत पडलं. मी स्वतः त्या १,३४७ विषाणूंना घाबरून, ते मारून देतो म्हणणाऱ्या चौकटीवरच टिचकी मारली. चोराने ‘चोर, चोर’ ओरडावं आणि आपण त्याच्याच हातात किल्ली द्यावी, तसं. दुसऱ्या दिवशी विषाणू २,६०० झाले. त्यांचा वंश वाढवण्याचा मासिक दर डॉलरमध्ये होता.

खरी औषधं नाहीत असं नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी आणि त्यांचे बंधू संजय यांनी क्विक हील उभं केलं, हे मराठी माणसाला अभिमानाने सांगण्यासारखं आहे, आणि मी सांगतो. सरकारनेही २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र काढलं. तिथे कॉम्प्युटरची घाण काढायची साधनं फुकट मिळतात. मी हे नाव घेतलं तेव्हा बाबांना वाटलं, हे वॉर्ड ऑफिसच्या मागे असणार, आणि त्यांनी विचारलं, ‘कॉम्प्युटर उचलून न्यायचा, की गाडी येते?’

शेवटी मंडळाचा कार्यकर्ता आला. तळमजल्यावरचा पोरगा, डिप्लोमा झालेला, उभ्या उभ्या बोलणारा. त्याने पडदा बघितला आणि कानाला हात लावला.

‘काका, हे काय करून ठेवलंय! मंडपापेक्षा जास्त बॅनर आहेत.’

‘फॉरमॅट मारायचा का?’

‘कशाला? ढेकूण झाले म्हणून खोली पाडता का?’

बाबा खुर्ची ओढून त्याच्याजवळ सरकले. गिरणीतही असंच होतं म्हणाले. साचा अडला तर अख्खा साचा सोडवत बसायचं नाही, धागा कुठे तुटला तो शोधायचा. पोराने मान डोलावली, आणि मग दोन तास हे दोघे धागे शोधत बसले. मला चहा करायला पाठवलं.

आधी त्याने बसवलेल्या कार्यक्रमांची यादी उघडली आणि तारखेने लावली. मी अक्षर उतरवलं त्या तारखेला, त्याच मिनिटाच्या आगेमागे, सहा जण दाखल झाले होते. सहाही काढले. काढताना एकाने विचारलं, ‘तुम्ही खरंच आम्हाला सोडून जाताय?’ आणि खाली रडका चेहरा. मी असतो तर विरघळलो असतो. मग ब्राउझरला लटकलेली ठिगळं, म्हणजे एक्स्टेन्शनं, काढली. मग सेटिंगमध्ये जाऊन चौकटी दाखवायचे परवाने कुणाकुणाला दिलेत ते पाहिलं. एक्केचाळीस. बाबांनी एकेक नाव मोठ्याने वाचायला सांगितलं आणि प्रत्येकावर ‘हा नको’ असा निकाल दिला. इतक्या लोकांना नाही म्हणायची संधी त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती. शेवटी शेवटी तर त्यांचा आवाज जॉबरसारखा झाला होता.

तरी ते शोधयंत्र पुन्हा उगवलं. पोराने पडद्यावरच्या ब्राउझरच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून आत पाहिलं, तर त्याच्या पत्त्याला शेपटी जोडलेली : ब्राउझर उघडला की आधी आमच्या दुकानात या. शेपटी छाटली. संगणक पुन्हा सुरू केला. दहा मिनिटांत हवामानवाला परत हजर.

‘हा कुठून आला?’ मी विचारलं.

पोराने टास्क शेड्युलर उघडला. तिथे हुकूम नोंदवून ठेवला होता : रोज अमुक वाजता बघ, गडी कामावर नसेल तर नवा आणून उभा कर.

‘बदली कामगार!’ बाबा ओरडले. ‘गेटवर उभे असायचे. एक खाडा झाला की दुसरा आत.’

बदलीवाल्याची नोंद पुसली तेव्हा कुठे खातं शांत झालं. नंतर त्याने मालवेअरबाइट्सचा अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर चालवून कानेकोपरे झाडून घेतले. तोही फुकटच, पण तो उतरवताना पोराने शोधयंत्रात नाव टाकलं नाही, पत्ता स्वतः अक्षर-अक्षर टाइप केला. का, तर शोधलं की सगळ्यात वर जे येतं तीच बऱ्याचदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते, आणि अस्सल नावाच्या टोपीखाली भलताच माणूस निघू शकतो. जाता जाता ब्राउझरला जाहिराती अडवणारी एक जाळी लावली आणि बाबांना वेगळं खातं काढून दिलं, ज्याच्यातून बघता येतं, पण काही बसवायचं झालं तर पासवर्ड लागतो. पासवर्ड हिच्याकडे. मी मागितला तर म्हणाली, ‘कशाला?’ आणि मला कारण सांगता आलं नाही.

पडदा मोकळा झाला. बाबांनी म्हाडाचं पान उघडलं. पानावर फक्त पान होतं. नाव आलेलं नव्हतं, पण ते नाही हे पहिल्यांदाच एका नजरेत कळलं. बाबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, ‘बरंय. उद्या बघू.’

मी पोराला पाचशेची नोट पुढे केली. तो दोन पावलं मागे सरकला.

‘काय काका, घरातल्याकडून पैसे घेतात का?’

मी भारावलो. ही म्हणाली, अशी मुलं आहेत म्हणून चाळ टिकून आहे. आईने त्याच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला.

रविवारी सकाळी तो पुन्हा आला. सोबत मंडळाचे आणखी तिघे, हातात पावतीपुस्तक आणि अहवालाचा कच्चा मसुदा, माझ्याच वळणदार अक्षरात. चौघेही दारात हात जोडून, ओळीने उभे.

‘काका, यंदा तुमची एक जाहिरात झाली पाहिजे. अर्धं पान. “गणेशभक्तांचे हार्दिक स्वागत, शुभेच्छुक” आणि तुमचं नाव. फोटो देताय ना?’

मी आत पाहिलं. बाबा पडद्यासमोर बसले होते, त्यांनी मान वळवली नाही. मी ‘हो’ म्हणालो. पोराने पावती भरली, फाडली, माझ्या हातात दिली आणि मी वाचेपर्यंत चौघे जिन्याच्या वळणावर पोचले होते. खाली, बारीक अक्षरात, एक छोटा चौकोन छापलेला होता, ‘पुढील वर्षीही हीच जाहिरात’, आणि त्यात बरोबरची खूण आधीच केलेली होती.